हयात चेहरा

मुंबई, ४ ऑगस्ट १९८१

जयवंता,

शेतकरी बाईचं नाणं परत आलं. म्हणजे नाणं झालंच नव्हतं, माझा नमुना परत आला. मंजूर झाल्यावरच तुला कळवणार होतो, म्हणून आजवर लिहिलं नाही. टांकसाळीत आम्हा काही जणांना नमुने करायला सांगितले होते. डोक्यावर पदर घेतलेली बाई, एका बाजूनं दिसणारा चेहरा. मी तुझा चेहरा काढला. ठरवून नाही. बाजूनं चेहरा काढायला बसलो की हात तिकडेच जातो. लहानपणी तू चुलीपुढे बसायचीस आणि मी पाटीवर तुलाच काढायचो.

प्लास्टरचा नमुना ताटाएवढा असतो. साहेबांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि विचारलं, ही कोण? मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, ही कोणीतरी आहे. हयात माणसाचा चेहरा आपण नाण्यावर घेत नाही. बाई हवी, पण ती कोणतीच बाई नको. शेवटी माझ्या सोबत्यानं काढलेली गव्हाची ओंबी पुढे गेली.

नमुना घरी आणून भिंतीशी ठेवला आहे. फोडवत नाही.

औषध पुरं कर. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस. सुंदराचा विचार आत्ता नको.

ओमप्रकाश


देवळी, १७ ऑगस्ट १९८१

भाऊ,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं परत आलं. माह्या पोरीले लोकं पानठेल्यावर फेकतीन, मले नाई चालत." मग दिवसभर स्वतःशीच हसत होती. तिला हसताना पाहून बरेच दिवस झाले होते.

पण मला एक सांग. आजीच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ होती. ती राणी तर तेव्हा जिवंत होती. मग तिला कसं चाललं?

औषध संपलं आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला आणि सांगितलं, साफ आहे, मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही. सुंदराच्या बाबांनी मला आईच्या दारात आणून सोडलं तेव्हा मी मरणार असंच सगळे धरून चालले होते. मीही. त्यांनी दुसरं लग्न केलं, त्यावर मी काही म्हटलं नाही. मरणाऱ्या बाईनं काय म्हणायचं? सुंदराला चौथं लागलं होतं, आता सातवं लागलं. मला ती हवी आहे. त्या घरातलं दुसरं काही नको. ते सोडचिठ्ठी देत असतील तर तीही घेईन.

मी त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तू लिही. तू मुंबईचा, सरकारी नोकरीतला. तुझं ऐकतात.

जयवंता


मुंबई, १० सप्टेंबर १९८१

जयवंता,

आजीच्या माळेतली राणी जिवंत होती हे खरं. राजेराण्या स्वतःला स्वतःच छापतात, त्यांना कोण विचारणार? आपल्याकडचा राजा गेला तसा त्याचा चेहराही गेला आणि सिंह आले. पुढे ज्यांचे चेहरे आले ते सगळे आधी वारलेले. मी साहेबांना कारण विचारलं. ते म्हणाले, जिवंत माणूस उद्या काय करील ते सांगता येत नाही, आणि एकदा बाजारात गेलेलं नाणं मागे घेता येत नाही. मेलेला माणूस काही करत नाही. त्याची हमी देता येते.

रूपरावाला लिहिलं होतं. दिवाळीनंतर त्याचं मुंबईला काम आहे, माझ्याकडेच उतरणार आहे. समोरासमोर बोलतो. तोवर तू आर्वीकडे त्याच्या गावी जाऊ नकोस. तू दारात उभी राहिलीस तर तो अडेल.

ओमप्रकाश


देवळी, २८ नोव्हेंबर १९८१

भाऊ,

दिवाळी होऊन महिना झाला. ते आले होते का? काय म्हणाले?

सुंदरासाठी फ्रॉक शिवला आहे. अंगाचं माप माहीत नाही. शेजारी भागाबाईची नात आहे, तिच्या अंगावर घालून पाहिला. तिला घट्ट झाला. मग उसवून मोठा केला. आता वाटतं फार मोठा झाला.

जे असेल ते लिही. वाईट असलं तरी.

जयवंता


मुंबई, १५ डिसेंबर १९८१

जयवंता,

रूपराव येऊन गेला. भांडण झालं नाही. त्याच्या घरी नवी बाई, कोकिळा तिचं नाव, झोपेत ओरडून उठते. दिवस राहतात आणि टिकत नाहीत. घरचे घाबरले आहेत. तो आता सोडचिठ्ठी द्यायला तयार आहे. मुलगीही देईन म्हणतो, पण तिची परीक्षा होऊ दे. मी शब्द घेतला आहे. बदल्यात त्याला एक लहानसं काम करून दिलं. पैशाचं नाही, काळजी करू नकोस.

तुझा नमुना त्यानं पाहिला. बराच वेळ समोर उभा होता.

उन्हाळ्यापर्यंत थांब.

ओमप्रकाश


देवळी, ९ मे १९८२

भाऊ,

परीक्षा संपल्या. मुलगी आली नाही, कागदही आला नाही. तरी मी थांबलेच होते. पण भागाबाईच्या भाच्याचं लग्न आर्वीला होतं. ती म्हणाली, "चाल वो, किती दिवस घरात बसशीन." मी गेले.

बायकांच्या पंगतीत माझ्या शेजारी एक तरुण बाई येऊन बसली. मुलीकडची होती. बोलकी. भाजीत तिखट फार आहे म्हणाली, नवरदेव म्हातारा दिसतो म्हणाली आणि पदराआड हसली. मग तिनं मागे वळून हाक मारली, "सुंदरा, पाणी आण वो." एक मुलगी लोटा घेऊन आली. तिनं आधी मला पाणी वाढलं, मग तिला. माझ्याकडे पाहिलं, जसं कोणाही बाईकडे पाहतात तसं. आणि गेली. फ्रॉक तिला लहान झाला असता.

त्या बाईच्या गळ्यात काळ्या पोतीशेजारी चांदीचा टाक होता. आपल्याकडे दुसरेपणाची बायको मेलेल्या पहिलीचा चेहरा ठोकलेला टाक घालते, तसा. मी विचारलं, कोणाचा?

"माही सवत," ती म्हणाली. "मेली बिचारी. छातीच्या बिमारीनं. रोज सपनात ये अन् पाणी मांगे. एक लेकरू टिकू देल्लं नाई मले. हे घातलं तवापासून शांत आहे. चांदीत बसली आता." मग तिनं तो मोठ्या मनानं माझ्या हातावर ठेवला. दोरा तिच्या गळ्यातच होता, त्यामुळे मला तिच्याकडे वाकावं लागलं.

भाऊ, आर्वीच्या सोनाराकडचे टाक मी जन्मभर पाहिले आहेत. सगळ्यांचा एकच चेहरा असतो, आणि तो समोर पाहतो. देवघरातल्या माणसानं आपल्याकडे पाहिलंच पाहिजे, नाहीतर हात कोणाला जोडायचे? हा टाक बाजूला पाहत होता. डोक्यावर पदर, एक डोळा, एक कान. कानाची पाळी माझी, तुटलेली.

मी भात कालवला आणि उठले. तिनं विचारलं, "काऊन, जेवल्या नाई?"

कोणी केला, ते मी तुला विचारत नाही.

जयवंता


मुंबई, २१ मे १९८२

जयवंता,

मी केला.

रूपरावानं नमुना पाहून सुचवलं. कोकिळाच्या माहेरी तू वारलीस असंच लग्नाच्या वेळी सांगितलेलं आहे. ती तुझ्या भुताला भ्याली आहे. सोनाराकडचा टाक घातला तर गुण आला नव्हता. तो म्हणाला, खरा चेहरा असेल तर तिचा विश्वास बसेल, घर शांत होईल, मग मी लगेच मोकळं करतो. मला वाटलं, चांदीचा एक तुकडा आणि तुझी सुटका. तू तिथे परत जाणारच नव्हतीस. त्या घरात तू मेलीस काय आणि जगलीस काय, तुला काय फरक, असं मी धरलं.

त्यानं शब्द पाळला नाही. मी त्याला चार पत्रं लिहिली.

आता नीट वाच. टांकसाळीच्या माणसानं बाहेर ठसा कोरायचा नाही, अशी आमच्याकडून सही घेतलेली आहे. मग तो देवाचा असो की माणसाचा. मी तो घरी, माझ्या हत्यारांनी कोरला, पण हे कोणी ऐकून घेणार नाही. उद्या तू कोर्टात गेलीस आणि टाक पुढे आला तर पहिला प्रश्न हाच येईल की हा हात कोणाचा. नोकरी गेली तर आईचं आणि तुझं काय होईल ते तूच ठरव.

नमुना फोडून टाकला आहे.

एक विचारतो, राग मानू नकोस. पाहिल्याबरोबर ओळखलंस का?

ओमप्रकाश


देवळी, २ जुलै १९८२

भाऊ,

ओळखलं. पाहिल्याबरोबर.

वर्ध्याला एका वकिलाकडे गेले होते. ते म्हणाले, पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न हे लग्नच नव्हे. तुमचा नवरा तुरुंगात जाईल, मुलगी तुम्हाला मिळेल. फक्त तुम्ही जिवंत आहात हे त्याला माहीत होतं, असं सांगणारा माणूस हवा. टाक करणाराच आणा, त्याच्यासारखा साक्षीदार नाही. त्यांनी कागद पुढे ओढला आणि नाव विचारलं. मी उठले. बाहेर उन्हात येऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की छत्री आत राहिली. ती आणायलाही गेले नाही.

मग मी आर्वीची गाडी धरली.

कोकिळानं मला लग्नातली बाई म्हणून ओळखलं आणि आनंदानं आत घेतलं. पाणी दिलं, बाज टाकली. तिला दिवस गेले आहेत, या वेळी पोट दिसतं आहे. मी सांगितलं, मी जयवंता.

ती म्हणाली, "जयवंता तं मेली."

मी म्हटलं, मेले नाही.

ती ओरडली नाही. उठून माझ्या बाजूला आली, माझा पदर कानामागे सारला आणि टाक वर धरून माझ्या चेहऱ्याशी ताडून पाहिला. मग खालीच बसली. म्हणाली, "तुम्ही जित्या आहा, तं मंग मी कोण?"

उत्तर मला वकिलानं सांगितलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात ते वावरातून आले. मी त्यांना नावानं हाक मारली, रूपराव म्हणून. आजवर कधी घेतलं नव्हतं. मेलेल्या बाईला नवऱ्याचं नाव घ्यायला कसली आडकाठी? मी म्हटलं, वकिलाकडून येते आहे, मुलगी द्या आणि सोडचिठ्ठी द्या. वकिलाचं नाव ऐकून ते ओसरीवर टेकले. बैलांकडे पाहत राहिले. मग अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले, "पोरीचं पाहू. पण मेलेल्या बाईले सोडचिठ्ठी कोण देते?"

निकाल कोकिळानं केला. "पोरगी घेऊन जा तुम्ही. पण तिले सांगू नोका. तिची माय मेली हे सारं गाव जाणते, माहे मायबाप जाणते. तुम्ही जित्या झाल्या तं माह्या पोटातलं हे कोणाचं?" तिनं माझे पाय धरले. टाक माझ्या पावलाला लागला. थंड होता.

मी हो म्हटलं. तुझ्यासाठी नाही, हे तुला माहीत असावं. तुझाही त्यात निभाव लागला, इतकंच.

सुंदराला सांगितलं की ही तुझी मावशी, तुला शाळेसाठी नेते आहे. तिनं विचारलं, तिथं नदी आहे का? गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली.

जयवंता


मुंबई, १४ जुलै १९८२

जयवंता,

पत्र वाचून हायसं वाटलं. मुलगी आली, हे मुख्य. हाक कशी मारते याला काय महत्त्व? पोर जवळ आहे, ताटात जेवते, शाळेत जाते. मोठी झाली की समजेल. तू योग्य केलंस. कोणाचंच नुकसान झालं नाही.

देवळीत मात्र राहू नकोस. तिथे सगळे तुला ओळखतात, चार दिवसांत कोणीतरी मुलीला सांगेल. पुलगावच्या गिरणीत माझा एक ओळखीचा आहे. त्याला लिहितो.

ओमप्रकाश


पुलगाव, २० फेब्रुवारी १९८३

भाऊ,

गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागले. खोली गिरणीच्या मागे आहे. भोंगा झाला की भिंत हलते. सुंदराला तो आवडतो.

यापुढे पाकिटावर माझं नाव लिहू नकोस. शकुबाई लिही. इथे मी ते नाव सांगितलं आहे. सुंदराला आता चांगलं वाचता येतं, आणि आईचं नाव तिला कोकिळानं पाठ करून दिलं आहे. तुझं मागचं पत्र तिच्याच हाती पडलं. ती पळत आली आणि म्हणाली, "मावशी, आईचं पत्र इथं काऊन आलं?" मी म्हटलं, पोस्टमन चुकला. ती म्हणाली, मग आईला कसं पोचवायचं? मी सांगितलं, ठेव इकडे, मी बघते. तिनं रात्री पुन्हा विचारलं, पोचवलं का? मी हो म्हटलं.

आई इकडे येत नाही. एकदा आली तर दारातूनच "जयवंता" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून तशीच स्टेशनवर परत गेली. तिच्याच्यानं होत नाही. तिला तू पत्र टाकत जा.

कोकिळाला मुलगा झाला. टिकला.

(सही करत नाही)


मुंबई, ६ मार्च १९८३

शकुबाई,

सांगितल्याप्रमाणे लिहिलं आहे. हाताला जरा वेळ लागला.

एक स्थळ आहे. पुलगावच्या डेपोतले नत्थूजी. बायको वारली, मूलबाळ नाही, माणूस निर्व्यसनी. मी त्यांना सगळं सांगितलेलं नाही, शकुबाई म्हणून सांगितलं आहे, नवऱ्यानं टाकलेली. त्यांना चालतं. सोडचिठ्ठीचं ते विचारणार नाहीत. कोण विचारणार? जयवंता वारलेली आहे, शकुबाईचं लग्नच झालेलं नाही. एका अर्थी तू मोकळीच आहेस. विचार कर.

ओमप्रकाश


पुलगाव, ४ ऑक्टोबर १९८३

भाऊ,

तुझ्या मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही. नत्थूजी येऊन गेले होते. चांगले आहेत. सुंदराशी बोलले, तिच्या वहीला कव्हर घालून दिलं. निघताना लाजत म्हणाले की पहिलीचा टाक घरात करून ठेवला आहे, लग्न झालं तर तो तेवढा तुम्ही गळ्यात घालावा, तिच्या आईचं समाधान होईल. मी त्यांना नकार कळवला. कारण सांगितलं नाही. मेलेलीच्या गळ्यात मेलेली कशी घालायची, हे त्यांना कसं समजावणार? आणि कागदावर मी अजून रूपरावाचीच आहे. तू म्हणतोस तशी मोकळी मी फक्त तुझ्या पत्रात आहे.

लिहायचं ते वेगळंच आहे.

पितृपक्षातली नवमी परवाच झाली. नवरा असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आर्वीकडे कोकिळा ते दर वर्षी करत होती. सुंदरानं तिथी शाळेतल्या बाईंना विचारून ठेवली होती. मला म्हणाली, "मागच्या साली राहून गेलं. आता आईले उपाशी ठेवू नोको."

मी पुरण घातलं. शेजारच्या रुख्माबाईला सवाष्ण म्हणून सांगून ठेवलं होतं. ऐन वेळी तिला गिरणीतून बोलावणं आलं, दुसरी बाई आजारी पडली म्हणून. पान मांडलेलं. सुंदरा दारात उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. मग आत आली आणि मला विचारलं, "मावशी, तुले नवरा आहे ना?"

आहे म्हटलं.

"जिता आहे ना?"

जिता आहे.

"मंग तूच बस."

तिनं मला पाटावर बसवलं. माझे पाय धुतले, कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं तर माझ्याच पदरानं पुसलं. सगळं वाढलं, वरण सांडू न देता. शेवटी समोर हात जोडून उभी राहिली. कोकिळानं शिकवलेलं तिला आठवत होतं. घास घेण्याआधी गेलेल्या बाईला हाक मारून जेव म्हणायचं असतं. ती माझ्याकडे पाहत होती, पण मला म्हणत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "पोटभर जेव."

ती आल्यापासून तिच्या तोंडून ही हाक कधी ऐकली नव्हती. मला ओ देता आली नाही. मी घास घेतला.